गळा, वही आणि मधली माणसे

१९८२ साली पुण्यात एक ध्वनिसंग्रह सुरू झाला. 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज' ही त्याची पालक संस्था आणि नझीर अली जैराझभॉय हे त्याचे संस्थापक. गरज साधी होती. परदेशी अभ्यासक येत, महिनोन्‌महिने इथे राहत, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना फितींवर भरून घेत आणि फितींसह आपापल्या विद्यापीठांत परतत. त्यांवर प्रबंध होत, पदव्या मिळत, तबकड्या निघत. ज्याचा गळा त्या फितीत होता त्याच्या नातवंडांना किंवा इथल्या एखाद्या विद्यार्थ्याला तो पुन्हा ऐकावासा वाटला, तर समुद्र ओलांडण्यावाचून इलाज नव्हता. निदान एक प्रत इथे राहावी, म्हणून हा संग्रह. थोड्याच वर्षांत तो दिल्लीला आणि पुढे गुडगावला गेला. पुणेकरांना एखाद्या गोष्टीचा अभिमान बाळगायला वेळच मिळाला नाही, असे क्वचित घडते. ते इथे घडले.

फितीची प्रत परत आणता येते. पण ती फीत भरताना दोन माणसे समोरासमोर बसलेली असतात. एक गाते, दुसरे ऐकते आणि टिपून घेते. फीत संपली की त्या दोघांचे काय होते? त्यांची पुन्हा भेट होते का? गाणारीने विचारलेल्या प्रश्नाला अभ्यासक उत्तर देतो का, की प्रश्न विचारायचा हक्क एकाच बाजूला राहतो? आणि एका देशातली गाणारी दुसऱ्या देशातल्या गाणारीला कधी भेटते का, की दोघींची भेट कुणाच्या तरी ग्रंथाच्या सूचीतच व्हायची? या पुस्तकातले लेख या प्रश्नांभोवती फिरतात. लिहिणाऱ्यांत गाणारे आहेत, अभ्यासक आहेत आणि या दोघांच्या मध्ये उभे राहून चपला झिजवणारे कार्यकर्ते आहेत. माझ्या मते खरे पुस्तक त्या तिसऱ्या वर्गाचे आहे. ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

अभ्यासकांचे जाळे जुने आहे. १९४७ साली लंडनमध्ये लोकसंगीताची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. १९८१ मध्ये तिच्या नावात 'लोक'च्या जागी 'पारंपरिक' आले. ब्रिटनमध्ये साठ-सत्तरच्या दशकांतल्या वस्तीपातळीवरच्या कलाचळवळीतून सामुदायिक संगीताचा वेगळा प्रवाह निघाला. व्यासपीठ आणि प्रेक्षक हा भेद पुसायचा, ज्याला गावेसे वाटते त्याला गाता यावे, तुरुंगात, रुग्णालयात, बेकारांच्या वस्तीत संगीत न्यावे, अशी त्यामागची धारणा. संगीतशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत या कामासाठी स्वतंत्र आयोग झाला, या विषयाचे आंतरराष्ट्रीय नियतकालिकही निघाले. हे सगळे चांगलेच झाले. पण अशा मेळाव्यांची कार्यक्रमपत्रिका हातात घेतली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. गाणारे बहुधा रात्रीच्या कार्यक्रमात असतात. दिवसा त्यांच्याविषयी बोलणे चालते.

आपल्याकडे सामुदायिक संगीताला नाव शोधायची वेळ आली नाही, कारण ते आधीपासून चालू होते. दिंडीतला टाळकरी, गावचे भजनी मंडळ, आंबेडकरी जलशाचा शाहीर, गोंधळी, पहाटे जात्यावर बसणारी बाई यांपैकी कुणीही स्वतःला 'सामुदायिक संगीतकार' म्हणवून घेणार नाही. दिंडी हे तर चालते-फिरते जाळेच. आळंदी-देहूहून पंढरपूरला जाताना कोकणी, मराठवाडी, खानदेशी गळे एकाच अभंगाभोवती जमतात, मुक्कामावर एकमेकांच्या चाली उचलतात आणि कुणाच्या निमंत्रणपत्रिकेशिवाय दरवर्षी पुन्हा भेटतात. तरी या जाळ्याच्या मर्यादा आपल्याला ठाऊक आहेत. कुणी पुढे चालायचे, कुणी मागे, कुणाच्या हाती वीणा द्यायची, हे भक्तीने एकटीने कधीच ठरवलेले नाही.

या पार्श्वभूमीवर गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाची हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी. मराठीत ओव्या गोळा करण्याची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींनी त्या जमवल्या, कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांवर पुस्तक लिहिले, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या मार्फत खंडामागून खंड काढले, इंदिरा संतांनी 'मालनगाथा' सिद्ध केली. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तरी अशा संग्रहांत बहुतेक वेळा ओवी येते आणि ती गाणारी दाराबाहेर राहते. तिचे नाव, तिचे गाव, तिने कोणत्या चालीवर म्हटले, याला जागा क्वचितच मिळते. ओवी सर्वांची म्हणजे कुणाचीच नाही, असा एक समज त्यामागे असावा.

गी पॉइतवाँ हे मूळचे फ्रान्सचे. १९७२ मध्ये ते पुण्यात आले, मराठी शिकले, १९७९ मध्ये भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर या अर्थशास्त्राच्या अभ्यासक. या दोघांनी पुण्यात समाजशास्त्रीय सहकारी संशोधनाची संस्था उभी केली. संस्थेच्या नावातला 'सहकारी' हा शब्द त्यांनी कागदापुरता ठेवला नाही. मुळशी, मावळ, वेल्हे या डोंगरी भागांत गरीब डोंगरी संघटनेचे काम चालू होते: रेशन, पाणी, जमीन, मजुरी. ऐंशीच्या दशकात त्या कामातल्या बायका बैठकांमध्ये आपल्या जगण्याबद्दल बोलू लागल्या, तेव्हा बोलण्यात ओव्या येऊ लागल्या. सासर, माहेर, लेकीचा जन्म, नवऱ्याचा मार, सीतेचा वनवास. जे उघड सांगायला जीभ रेटत नव्हती, ते ओवीत आधीच सांगून झालेले होते. गाणी गोळा करायची असे ठरवून कुणी गावात गेले नव्हते. संघटनेच्या कामाला गेलेल्यांना गाणी भेटली. मला वाटते, या प्रकल्पाचे पुढचे सगळे वेगळेपण या एका गोष्टीतून आले. गाणाऱ्या बाईला समोरचा माणूस कोण, कशासाठी आला आहे आणि उद्याही येणार आहे की नाही, हे माहीत होते.

त्यातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. हजाराहून जास्त गावे, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या. ओवी कुणी गायली आणि ती कुठल्या गावची, याची नोंद ठेवली गेली. कोळवड्याच्या ताराबाई उभे, नांदगावच्या कुसुम सोनवणे यांच्यासारख्या बायका संग्रहाला ओव्या पुरवणाऱ्या एवढ्याच राहिल्या नाहीत. त्या संघटनेच्या कार्यकर्त्या होत्या, त्यांनी इतर बायकांना बोलते केले, ओवीचा अर्थ काय लावायचा यावर मत दिले. पॉइतवाँ आणि राईरकर यांनी १९९६ मध्ये इंग्रजीत जाते आणि भक्ती या विषयावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांच्यापाशी शब्दांबरोबर हे अर्थही होते.

पण वहीत गळा येत नाही. जात्यावरच्या बायका चालीला 'गळा'च म्हणतात. दोन ओळींची ओवी कागदावर पाच सेकंदांत वाचून होते. जात्यावर ती लांबते. अर्धी ओळ पुन्हा घेतली जाते, मध्ये 'बाई' येते, ध्रुवपदाचा तुकडा जोडला जातो, खुंट्यावरच्या हातांचा फेर श्वासाची लांबी ठरवतो. एकच ओवी मुळशीत एका गळ्यावर आणि मराठवाड्यात दुसऱ्या गळ्यावर म्हटली तर तिचा भावही बदलतो. लिहून घेणारा कितीही प्रामाणिक असला तरी हे सगळे पेनाच्या टोकाखालून निसटते. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्यामुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली.

बेल फ्रेंच; संगणक आणि संगीत या दोन्हींत पाय रोवून उभे. ते आधी काय करत होते, हे इथे महत्त्वाचे आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपन हे ब्रिटिश अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. 'कायदा' या तबल्यातल्या रचनेचे पलटे, म्हणजे तिचे नवनवे विस्तार, कोणत्या नियमांनी होतात, हा त्यांचा प्रश्न. बेल यांनी त्यासाठी लहानशा संगणकावर 'बोल प्रोसेसर' तयार केला. त्यात नियम भरायचे, संगणकाने त्या नियमांतून नवे पलटे रचायचे आणि तबलियाने ते ऐकून निवाडा द्यायचा: हा चालेल, हा आमच्यात बसत नाही. न बसणारा पलटा निघाला की नियम चुकला. मग तो दुरुस्त करायचा. परीक्षक तबलजी आणि परीक्षार्थी अभ्यासकाचे यंत्र. संगीताच्या संशोधनात हे नाते असे उलटे करणारी उदाहरणे मी फार थोडी पाहिली आहेत. ज्याला वर्षानुवर्षे 'माहिती देणारा' म्हणून संबोधले, त्याच्या हाती लाल पेन्सिल दिली गेली.

तेच बेल पुढे डोंगरी भागात आणि मराठवाड्यात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन गेले. १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या भरून घेतल्या गेल्या. जाते तेच, गळा तोच. पण जिथे विठ्ठल-रखुमाई येत, तिथे भीमराव आणि रमाई येऊ लागले होते. लोकसंगीत म्हणजे गोठलेले जुने काहीतरी, असे मानणाऱ्यांनी या ओव्या एकदा ऐकाव्यात. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. संग्रह पुढे पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी'कडे, म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाकडे आला. 'पारी'च्या चमूने एक शहाणपणाची गोष्ट केली: जुन्या नोंदींवर न थांबता ते त्या गावांत परत गेले. ज्या बायकांचे आवाज वीस वर्षांपूर्वी भरले होते त्यांना भेटले, त्यांचे फोटो काढले, त्यांच्याकडून पुन्हा गाऊन घेतले, हयात नसलेल्यांच्या घरी जाऊन आले. या परतणाऱ्यांत जितेंद्र मैड यांच्यासारखे मूळ संग्रहाच्या वेळचे कार्यकर्ते होते. ते नसते तर दारे उघडली असती, पण इतक्या सहज नाही.

मधली माणसे म्हणतो ती ही. अभ्यासक पाहुणा असतो. कितीही चांगला असला तरी त्याच्या परतीची तारीख ठरलेली असते. गाणारी जागेवर असते, पण तिला बाहेरची भाषा, कागद, करार यांची दारे बंद असतात. या दोघांमध्ये जो राहतो, दोघांनाही उत्तरदायी असतो आणि अभ्यासक निघून गेल्यावर गावाच्या प्रश्नांना तोंड देतो, तो जाळ्याची गाठ असतो. गाठी सुटल्या की नुसते धागे उरतात. राजस्थानात ही भूमिका कोमल कोठारी यांनी चार दशके निभावली. १९६० मध्ये विजयदान देथा यांच्यासोबत त्यांनी बोरुंदा गावात रूपायन संस्थान उभारले. लंगा आणि मांगणियार गायकांना जगाच्या व्यासपीठावर नेले आणि त्याच वेळी त्यांच्या यजमानांच्या वंशावळी, नेगाचे म्हणजे मानाच्या देण्याचे हिशेब, कमायचा हे तंतुवाद्य कोण बनवतो आणि त्याचे लाकूड कुठून येते, हेही टिपत राहिले. मुसलमान गायक आणि राजपूत यजमान यांचे नाते समजून न घेता त्या गाण्यातले काही समजत नाही, हे त्यांनी परदेशी अभ्यासकांना पुन्हापुन्हा सांगितले. तेही २००४ सालीच गेले. त्या एका वर्षात पश्चिम भारताच्या लोकसंगीताने दोन मोठे दुवे गमावले.

मधली गाठ नसली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांचे. सन १९७० च्या आसपास ह्यूगो झेम्प या संगीत-अभ्यासकाने मलाइता बेटावर बाएगू समाजातल्या अफुनाक्वा या बाईचे अंगाईगीत भरून घेतले. ते युनेस्कोच्या मालिकेतल्या तबकडीवर आले. १९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच जोडीने तो आवाज उचलून त्याला नाचाचा ठेका जोडला. गाणे जगभर गाजले, जाहिरातींत वाजले. १९९६ मध्ये नॉर्वेचे प्रसिद्ध सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी त्याच सुरावटीवर रचना केली आणि तिला पिग्मींचे अंगाईगीत म्हटले. म्हणजे प्रशांत महासागरातले बाळ थेट आफ्रिकेत निजले. झेम्प यांनी जाहीर तक्रार केली. स्टीव्हन फेल्ड यांनी या प्रकरणावर लिहिलेला निबंध आज या विषयात सर्वत्र वाचला जातो. चोरी झाली म्हणून मी हे सांगत नाही. कायद्याच्या भाषेत चोरी सिद्ध करणे सोपेही नाही. अशा परंपरागत गाण्याला कोणी एक कवी नसतो, त्यामुळे लेखकाचा हक्क कुणाला द्यायचा हे कायद्याला कळत नाही. गाणाऱ्याचा हक्क म्हणून काही आहे, तोही आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर स्पष्टपणे आला. मला खटकते ते हे की या सबंध वादात झेम्प बोलले, फेल्ड बोलले, तबकडीवाले बोलले, युनेस्कोचे नाव घेतले गेले. ज्यांच्या अंगणातले गाणे होते ते बाएगू लोक चर्चेच्या टोकाला उभेच राहिले.

फेल्ड यांचा स्वतःचा मार्ग वेगळा होता. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांच्या गाण्यांवर आणि रडण्यावर त्यांनी १९८२ मध्ये ग्रंथ लिहिला. मग तो घेऊन ते कालुलींच्या बोसावी भागात परत गेले, त्यातले भाग कालुलींना त्यांच्या भाषेत सांगितले आणि त्यांनी घेतलेले आक्षेप, केलेल्या दुरुस्त्या, त्यांच्या गमती यांवर पुढे लिहिले. ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला जागा दिली. १९९१ मध्ये तिथल्या आवाजांची तबकडी काढली तेव्हा मानधनाचा ओघ त्या लोकांसाठीच्या निधीकडे वळवला. लखनौचा तबलजी, मुळशीची कार्यकर्ती आणि बोसावीचा कालुली एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण तिघांनाही 'नाही, हे असे नाही' असे म्हणण्याची जागा मिळाली. आंतरसांस्कृतिक जाळे म्हणतात ते या जागेपासून सुरू होते, असे माझे मत आहे. परिषदा, करार, संकेतस्थळे ही त्यानंतरची सोय.

पैशाचा विषय आपल्याकडे सभ्यपणे टाळला जातो. अभ्यासकाला प्रवासखर्च, दैनिक भत्ता, संशोधनवृत्ती. गाणारीला शाल आणि श्रीफळ. तिचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो, हे यजमानांच्या ध्यानात क्वचितच येते. परदेशी जायचे झाले तर बँकेचे खातेउतारे, आयकराचे कागद आणि नोकरीचे पत्र मागितले जाते. भाताच्या खाचरात राबणाऱ्या बाईने हे आणायचे कुठून? त्यामुळे जाळे आंतरराष्ट्रीय होते आणि प्रवास मात्र एकाच वर्गाचा होतो. या पुस्तकातल्या तीन-चार लेखांत मानधनाचे व्यवहार उघडपणे मांडले आहेत. ते वाचताना काही वाचकांना अवघडल्यासारखे होईल. व्हावे.

मराठी माणसांच्या बाबतीत तर न बांधलेली जाळी बरीच आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकण-घाटावरून मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या वंशजांत झाकरी नाचली जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जाखडी, बाल्या नाच जोमात आहे. चाकरमानी गणपतीला मुंबईहून गावी येतात, तसा मॉरिशसचा नाच्या कोकणात आणि कोकणातला तिकडे आला-गेला, तर दोघे एकमेकांना काय दाखवतील? बेने इस्रायली समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. त्या समाजातला मोठा भाग आज इस्रायलमध्ये आहे आणि तिथे वयस्क बायका ती मराठी गाणी अजून म्हणतात. अमेरिकी अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी मराठी राष्ट्रीय कीर्तनावर ग्रंथ लिहिला आणि पुढे त्या या गाण्यांकडेही वळल्या. म्हणजे अमेरिकेतून एक धागा पुण्याला येतो, दुसरा इस्रायलला जातो. पुण्याच्या कीर्तनकाराने मात्र इस्रायलमधल्या त्या बायकांचे गाणे ऐकले असण्याची शक्यता कमी. दोन्ही टोकांना मराठी समजते. दुभाषाचीसुद्धा गरज नाही.

आता पुस्तकाविषयी थोडे. यातले काही लेख लिहिलेले नाहीत, सांगितलेले आहेत. अशा ठिकाणी सांगणाऱ्याचे नाव वर आहे आणि लिहून घेणाऱ्याचे त्याखाली लहान अक्षरात. परक्या भाषांतल्या लेखांची भाषांतरे शक्य तिथे मूळ वक्त्याला, दुभाषाच्या मदतीने का होईना, ऐकवली आहेत. त्यामुळे छपाई लांबली. शैली एकसारखी करण्याचा मोह आम्ही आवरला. एका लेखात मावळी बोली आहे, दुसऱ्यात विद्यापीठीय मराठीची वळणे. वाचकाला ठेच लागेल, पण कोण बोलते आहे हे तरी कळेल.

एक वाद मात्र मिटला नाही. अशा संग्रहांतली सगळी गाणी इंटरनेटवर सर्वांना मोकळी असावीत, नाहीतर ती पुन्हा एखाद्या कपाटात कुलूपबंद होतील, असे एका संग्राहकाचे ठाम म्हणणे आहे. दुसरा लेख एका गोंधळी घराण्यातल्या वादकाचा आहे. विधीची गाणी विधीबाहेर वाजू नयेत, लग्नाच्या वरातीत तर नकोतच; काय द्यायचे आणि काय राखायचे हे आमचे आम्ही ठरवू, असे तो म्हणतो. आम्ही दोघांनाही एकमेकांचे लेख आधी वाचायला दिले. दोघांनीही एकेक परिच्छेद वाढवून पाठवला आणि आपले मत आणखी पक्के केले. दोन्ही लेख शेजारी शेजारी छापले आहेत.